सोंगाई केंद्र

पश्चिम आफ्रिकेतील बेनिन देशात १९८५ साली सुरू झालेले शेती, पशुपालन आणि मत्स्यपालन यांचे एकात्मिक प्रशिक्षण केंद्र. ते देशाची राजधानी पोर्तो-नोव्हो येथील ऊआंदो भागात आहे. शेण, विष्ठा, पाणवनस्पती, खाटकाकडची टाकाऊ आतडी यांपासून खत, इंधन आणि खाद्य तयार करायचे, आणि हे तंत्र गरीब घरांतल्या तरुण-तरुणींना प्रत्यक्ष कामातून शिकवायचे, असा या केंद्राचा परिपाठ आहे. सुरुवातीच्या काळात परदेशी देणग्यांचा आधार मोठा होता. पुढे स्वतःच्या मालाची विक्री हा केंद्राच्या उत्पन्नाचा मुख्य स्रोत होत गेला.

केंद्राचे संस्थापक गॉडफ्रे न्झामुजो हे मूळचे नायजेरियाचे, डॉमिनिकन पंथाचे कॅथलिक धर्मगुरू. इलेक्ट्रॉनिक्स आणि सूक्ष्मजीवशास्त्र हे त्यांच्या अभ्यासाचे विषय. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये ते शिकवत असताना १९८०च्या दशकातला आफ्रिकेचा भीषण दुष्काळ दूरचित्रवाणीवर जगभर दिसू लागला. अन्नाच्या पोत्यांसाठी हात पसरलेली माणसे, एवढेच आपल्या खंडाचे चित्र जगापुढे जावे, हे त्यांना सहन झाले नाही. ते नोकरी सोडून परतले. बेनिनमध्ये तेव्हा मॅथ्यू केरेकू यांचे मार्क्सवादी सरकार होते. धर्मगुरू आणि हे सरकार विचाराने दोन टोकांना असले, तरी सरकारने त्यांना एक हेक्टर पडीक जमीन दिली. शाळा सुटलेल्या मोजक्या मुलांना हाताशी घेऊन त्यांनी ती कसायला घेतली. पोर्तो-नोव्होचे हे केंद्र आज सुमारे २४ हेक्टरांवर आहे.

केंद्राचे नाव पंधराव्या-सोळाव्या शतकांत गाओ या राजधानीतून नायजर नदीच्या काठी नांदलेल्या सोंगाई साम्राज्यावरून घेतले आहे. १५९१ साली मोरोक्कोच्या सैन्याने ते मोडले. युरोपीय वसाहती येण्याच्या कितीतरी आधी आफ्रिका आपल्या हिमतीवर उभी होती, ही आठवण जागी ठेवण्यासाठी हे नाव निवडले गेले.

एकाचा उकिरडा तो दुसऱ्याचा कच्चा माल, या तत्त्वावर केंद्राचे सारे काम चालते. कोंबड्या, लावे, डुकरे, ससे आणि गवती उंदीर हे प्राणी येथे पाळले जातात. गवती उंदीर हा सशापेक्षा मोठा, गवतावर जगणारा प्राणी आहे. पश्चिम आफ्रिकेत त्याच्या मांसाला फार मागणी असते, आणि त्याच्या शिकारीसाठी लोक माळरानाला आग लावत आले आहेत. तो खुराड्यात वाढवता आला, तर माळ वाचतात. या सगळ्या जनावरांची विष्ठा आणि वसतिगृहाच्या शौचालयांतला मैला गोबरगॅसच्या टाक्यांत जातो. हवाबंद टाकीत जिवाणू त्याचे विघटन करतात. निघणाऱ्या वायूत निम्म्याहून अधिक मिथेन असतो, त्यावर चुली पेटतात. टाकीत उरलेल्या रबडीतला नत्र तसाच टिकून राहतो, म्हणून ती खत म्हणून मळ्यात आणि तळ्यांत वापरली जाते.

याच टाक्यांत जलपर्णीही घातली जाते. पुण्याच्या मुळा-मुठेच्या किंवा उजनीच्या काठी राहणाऱ्याला या वनस्पतीची ओळख करून द्यायला नको. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती बेनिनच्या नद्या आणि खाजणांतही पसरली आहे. तिने होड्यांच्या वाटा अडवल्या आणि मासेमारी कठीण केली. केंद्राने तिला उपद्रव न मानता पीक मानले. सांडपाण्याच्या तळ्यात ती मुद्दाम सोडली जाते. तिची केसाळ मुळे पाण्यातले नत्र आणि स्फुरद शोषून घेतात. वाढली की ती काढतात, चिरतात आणि शेणात कालवतात. तिच्या वजनाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग पाणीच असल्यामुळे ती दूर वाहून नेणे परवडत नाही. टाकी तळ्याच्या जवळ असेल तरच हा हिशेब जमतो. आपल्याकडे दरवर्षी यंत्रे लावून जलपर्णी काढतात आणि काठावर ढीग रचतात. पहिल्या पावसात त्यातली बरीचशी पुन्हा पाण्यात जाते. सोंगाईचा हा धडा आपल्या नगरपालिकांनी जरूर गिरवावा.

सर्वांत लक्षात राहते ती अळ्यांची पैदास. मत्स्यपालनात निम्म्याहून जास्त खर्च खाद्यावर होतो, आणि विकतचे खाद्य गरीब शेतकऱ्याला पेलत नाही. म्हणून सावलीतल्या उथळ हौदांत कोंबडीखत आणि आतड्यांचे तुकडे पसरून उघडे ठेवतात. माश्या येऊन अंडी घालतात. त्या उष्ण हवेत दिवसभरात अंडी फुटतात आणि चार-पाच दिवसांत तांदळाच्या दाण्यापेक्षा थोड्या मोठ्या, पांढऱ्या, वळवळणाऱ्या अळ्या तयार होतात. कोष होऊन माशी उडण्याआधी त्या काढायच्या, चाळणीत धुवायच्या आणि तळ्यात टाकायच्या. मागे राहिलेला चोथा खतात जातो. एक दिवस उशीर झाला, तर खाद्याऐवजी माश्यांचा थवा हाती येतो. कामातली ही शिस्त फळ्यावर शिकवता येत नाही, ती हौदापाशी उभे राहूनच अंगी बाणते.

तळ्यांत तिलापिया आणि आफ्रिकी मांगूर वाढवतात. हाच मांगूर परदेशी आणि स्थानिक माशांचा फडशा पाडणारा म्हणून भारतात पाळायला बंदी आहे. बेनिनमध्ये मात्र तो तिथलाच आहे. पद्धत उचलताना माशाची जात उचलू नये, असे का, हे यावरून समजते.

प्रशिक्षणाचा मूळ अभ्यासक्रम अठरा महिन्यांचा, निवासी आहे. प्रशिक्षणार्थी पहाटे खुराडी झाडण्यापासून कामाला लागतात. वर्गातले धडे आणि प्रत्यक्ष काम रोज जोडीने चालते. त्यांना हिशेब ठेवणे, मालाची किंमत ठरवणे आणि स्वतःच्या शेताचा आराखडा मांडणे हेही शिकावे लागते. बाहेर पडणारा प्रत्येक जण उद्योजक व्हावा, हा संस्थापकांचा आग्रह आहे. माझ्या मते केंद्राचे खरे वेगळेपण याच आग्रहात आहे. गोबरगॅस आणि कंपोस्ट जगात अनेक ठिकाणी शिकवतात. पण शिकलेला मुलगा शेवटी शहरात नोकरी शोधत फिरतो. येथे गावी परतणाऱ्यांचे जाळे बांधलेले आहे. बियाणे, पिल्ले, सल्ला आणि बाजारपेठ यांसाठी ते केंद्राशी जोडलेले राहतात.

शेतीला प्रक्रिया आणि विक्री जोडलेली आहे. भात सडणे, सोयाबीनचे तेल, फळांचे रस, दही, साबण अशी उत्पादने केंद्रातच होतात. बाटल्याही तिथेच बनतात. कार्यशाळेत स्थानिक कारागीर मळणीची, दळणाची आणि कापणीची यंत्रे तयार करतात. मोडलेले यंत्र गावातच दुरुस्त व्हावे, अशा बेताने ती घडवलेली असतात. केंद्राचे उपाहारगृह आणि दुकान गावकऱ्यांनाही खुले आहे.

न्झामुजो यांना १९९३ साली भूकनिर्मूलनाच्या कार्यासाठी ‘द हंगर प्रोजेक्ट’ या संस्थेचा आफ्रिका पुरस्कार मिळाला. २००८ साली संयुक्त राष्ट्रांनी सोंगाईला आफ्रिकेसाठीचे उत्कृष्टता केंद्र मानले. बेनिनमध्ये पाराकू, सावालू आणि किन्वेजी येथे त्याची उपकेंद्रे आहेत. नायजेरियातील काही राज्य सरकारांनीही याच धर्तीवर केंद्रे उभारली.

मात्र हा नमुना दुसरीकडे रुजवणे सोपे नाही. त्याचे चक्र पूर्ण फिरायला जनावरे, तळे, टाकी आणि मळा हे सारे एकाच आवारात लागते. एकरभर जमिनीच्या धन्याला एवढे भांडवल सुरुवातीलाच उभे करता येत नाही, आणि शिकून परतलेल्या मुलीच्या नावावर तर बहुधा जमीनच नसते. त्यामुळे अनेक जण कुक्कुटपालन किंवा भाजीपाला यांपैकी एकाच कडीने सुरुवात करतात. दुसरी कडी जोडण्यासाठी लागणारे कर्ज आणि जमिनीचा हक्क मिळवणे हे काम केंद्राच्या कुंपणाबाहेर, सरकार आणि बँकेच्या दारात होत असते.