किल्ल्याच्या किल्ल्या: कॉर्फ आणि बँक्स घराणं

इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात किंग्स्टन लेसी नावाचा प्रशस्त वाडा आहे. त्याच्या ग्रंथालयात शेकोटीच्या वर जुन्या, अवजड किल्ल्या टांगलेल्या दिसतात. त्या वाड्याच्या नाहीत, कॉर्फच्या किल्ल्याच्या आहेत. गंमत अशी की त्या ज्या कुलपांना लागत, ती कुलपंही नाहीत आणि दरवाजेही नाहीत.

कॉर्फ हा बँक्स घराण्याचा वडिलोपार्जित किल्ला समजला जातो. हिशोब मांडला तर धडधाकट किल्ला या घराण्याकडे जेमतेम ११ वर्षं होता. पुढची सुमारे ३३५ वर्षं त्यांनी मिरवले ते त्याचे पडके बुरूज.

किल्ला मुळात राजघराण्याचा. राजा एडवर्डचा खून ९७८ साली कॉर्फलाच झाला. नॉर्मन राजांनी इथे दगडी कोट बांधला, पुढे जॉन राजानं तो वाढवला, खजिना आणि कैदी ठेवायला वापरला. पहिल्या एलिझाबेथ राणीनं १५७२ मध्ये तो सर ख्रिस्तोफर हॅटन या आपल्या मर्जीतल्या दरबाऱ्याला विकून टाकला. हॅटनांकडून १६३५ मध्ये घेतला तो सर जॉन बँक्स यांनी.

हे बँक्स काही डॉर्सेटचे नव्हेत. जॉन यांचा जन्म पार उत्तरेकडच्या केझिकचा. त्या भागात बॉरोडेलच्या खाणीत ग्रॅफाइट निघे. तेव्हा लोक त्याला काळं शिसं समजत. आपल्या ‘शिसपेन्सिल’ शब्दात तोच गैरसमज अजून टिकून आहे. तोफगोळ्यांच्या साच्यांना आतून लावायला ग्रॅफाइट लागत असल्यानं त्याला चांगला भाव होता, आणि बँक्स कुटुंबाचा या धंद्यात वाटा होता. जॉन मात्र वकिलीत शिरले आणि पहिल्या चार्ल्स राजाचे ॲटर्नी जनरल, म्हणजे मुख्य सरकारी वकील, झाले. त्या काळी पैसा मिळवलेल्या वकिलाला घराणं उभं करायचं तर जमीन हवी, आणि जमिनीवर किल्ला असला तर सोन्याहून पिवळं. इंग्लंडची जेंट्री म्हणजे हाच वर्ग: लॉर्ड नव्हेत, पण जमीनजुमला, कुलचिन्ह आणि पार्लमेंटची खुर्ची बाळगून असलेली घराणी.

सात वर्षांत राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटलं. जॉन बँक्स चार्ल्स राजाच्या बाजूनं गेले, किल्ला राहिला पत्नी मेरी यांच्याकडे. १६४३ च्या उन्हाळ्यात पार्लमेंटच्या फौजेनं सहा आठवडे वेढा दिला. याची वर्णनं राजाच्या बाजूच्या वार्तापत्रातली आहेत, त्यामुळे थोडी सावधपणेच वाचावीत. पण वाचण्यासारखी आहेत. वेढा घालणाऱ्यांनी जाड फळ्यांचा, आतून लोकर लावलेला एक चालता आडोसा केला आणि त्याला नाव दिलं ‘डुकरीण’. त्या आडोशातल्या शिपायांची सगळी अंगं झाकली गेली, पाय तेवढे उघडे राहिले. तटावरच्यांनी नेम धरला तो पायांवर. बालेकिल्ल्याची बाजू मेरी, त्यांच्या मुली, दासी आणि फक्त पाच शिपाई लढवत होते. शिड्या लागल्या की वरून दगड आणि धगधगते निखारे ओतत. वेढा उठला.

जॉन १६४४ च्या अखेरीस ऑक्सफर्डला वारले. दुसरा वेढा पडला तेव्हा तोफांनी काम झालं नाही, फितुरीनं झालं. फेब्रुवारी १६४६ मध्ये पिटमन नावाच्या अधिकाऱ्यानं ‘कुमक आणली’ म्हणून शत्रूचीच माणसं आत घेतली. मेरी यांच्या शौर्याचा मान म्हणून किल्ल्या त्यांच्याकडेच राहू दिल्या, असं घराण्यात सांगतात. किल्ल्याला मात्र पार्लमेंटनं सुरुंग लावले. एका दरवाजाचा अर्धा भाग तेव्हा उतारावरून जो खाली घसरला, तो तसाच उभा आहे. मोकळे झालेले दगड गावातल्या घरांच्या भिंतींना लागले.

मुलगा राल्फ यानं किल्ला पुन्हा बांधला नाही. युद्धात गेलेली राजेशाही १६६० मध्ये परतल्यावर त्यानं दूर किंग्स्टनला नवा वाडा उठवला, तोच आजचा किंग्स्टन लेसी. तरी कॉर्फ कामाचं राहिलं, कारण त्या एवढ्याशा गावाला पार्लमेंटमध्ये दोन जागा होत्या. हेन्री बँक्स १७८० पासून १८२६ पर्यंत तिथूनच निवडून येत होते. १८३२ च्या सुधारणा कायद्यानं त्या जागा गेल्या.

मेरी यांची आजची कीर्ती मात्र बरीचशी एकोणिसाव्या शतकातली आहे. हेन्री यांचा मुलगा विल्यम जॉन इजिप्त फिरून आला, फिली बेटावरचा ओबेलिस्क (निमुळता दगडी स्तंभ) त्यानं वाड्याच्या बागेत आणून उभा केला. १८४१ मध्ये समलिंगी संबंधांच्या आरोपावरून अटक झाली आणि त्याला देश सोडावा लागला. मालमत्ता त्यानं भावांच्या नावे केली होती. पण इटलीतून तो वाड्यासाठी संगमरवर, चित्रं, कोरीव दारं पाठवत राहिला. जिन्यातले ब्राँझचे पुतळेही त्यानंच मारोकेत्ती या शिल्पकाराकडून करवून घेतले: चार्ल्स राजा, सर जॉन आणि हातात किल्ली धरलेल्या मेरी. त्याच सुमारास, १८५३ मध्ये, भाऊ जॉर्ज यानं कॉर्फचा इतिहास लिहून छापला. घराण्याची शौर्यगाथा आज सांगितली जाते ती बरीचशी त्या इतिहासातून.

विल्यम जॉन १८५५ मध्ये व्हेनिसला वारला. शेवटचे मालक राल्फ बँक्स १९८१ मध्ये गेले. त्यांनी वाडा, पडका किल्ला आणि सुमारे १६,००० एकर जमीन मृत्युपत्रानं नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला दिली.