बायलिंग्वल शाळा वेगळी आणि चायनीज विषय असलेली शाळा वेगळी

सिंगापूर-हाँगकाँगला नोकरीला गेलेली आपली म्हापसा-फोंड्याची माणसं चवथीला घरी आली की सांगतात, पोरगी इंग्लिश-चायनीज बायलिंग्वल शाळेत जाते. पण जरा खोदून विचारलं की त्यात दोन वेगळेच प्रकार निघतात आणि ॲडमिशन घेताना हा घोळ महागात पडतो.

पहिल्या प्रकारात चायनीज हा नुसता विषय. गणित, सायन्स सगळं इंग्लिशमधून आणि आठवड्याला मँडरिनचे, म्हणजे प्रमाण चायनीजचे, काही पिरियड. दुसरी खरी बायलिंग्वल, तिथे चायनीजमधून शिकवतात. म्हणजे बी रुजवायचा धडा असला तर चायनीज टीचर हातात भिजवलेला वाटाणा धरून मूळ कुठलं, कोंब कुठला हे मँडरिनमधूनच बोलणार, पोरं निरीक्षणही त्याच भाषेत लिहिणार आणि दुसऱ्या दिवशी इंग्लिश टीचर तिथून पुढे जाणार, कालचंच परत इंग्लिशमध्ये सांगत बसणार नाही.

गोव्यात तरी हे समजवायला लागू नये, प्राथमिकच्या माध्यमावरून 2011 ला केवढा वाद झाला आपल्याकडे! इंग्लिश मिडियममध्ये मराठीचा पिरियड असला म्हणून ती मराठी शाळा होत नाही, तसंच हे.

जास्त गोंधळ सिंगापूरमुळे होतो. तिथलं सरकारी धोरणच द्वैभाषिक म्हणून ओळखतात, 1960च्या दशकापासून शाळेत दुसरी भाषा सक्तीची, पण 1987 पासून सगळ्या सरकारी शाळांचं माध्यम इंग्लिश. म्हणजे मँडरिन, मलय, तमिळ हे मुख्यतः विषय म्हणूनच.

आता एवढा फरक का पडतो, तर लिपीमुळे. आपलं पोर बाराखडी आणि जोडाक्षरं शिकलं की कुठलाही शब्द वाचतं, अर्थ कळो न कळो. चायनीजमध्ये एकेक अक्षर वेगळं लक्षात ठेवायचं, रेघा कुठल्या क्रमाने काढायच्या तेही ठरलेलं, चौकटीच्या वहीत परत परत गिरवायचं. चीनच्या अभ्यासक्रमात प्राथमिक संपेपर्यंत साधारण 3000 अक्षरं ओळखता आणि 2500 लिहिता यायला हवीत. पिनयिन, म्हणजे रोमन लिपीत लिहिलेला उच्चार, पोरं पटकन उचलतात पण त्याच्या जोरावर पुस्तक वाचता येत नाही. आठवड्याच्या चार पिरियडमध्ये बोलणं जमेल, वाचन मागेच राहणार.

पण बायलिंग्वल घेतली तर गणिताची शाब्दिक उदाहरणं चायनीजमध्ये येतात आणि आईबाबांना होमवर्क घेता येत नाही, हेही धरून चाला. दोन-तीन वर्षांनी परत गोव्यात यायचं असेल तर माझं मत, विषयवाली शाळाच बरी. प्राथमिक पूर्ण तिथेच होणार असेल तर मात्र बायलिंग्वलच घ्या, आणि लिपी कुठली तेही विचारा, हाँगकाँग-तैवानला पारंपरिक चालते, चीन-सिंगापूरला सोपी केलेली.

शाळा बघायला गेलात की माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि तिसरीतल्या कुठल्याही पोराची सायन्सची वही मागा, ती इंग्लिशमध्येच भरलेली असेल तर चायनीज तिथे विषयच आहे.