जोडे शिवणारा केरी आणि श्रीरामपूरची आग

टीकेने कुणी खचलं की प्रवचनात ख्रिस्ती मिशनरी विल्यम केरीचं नाव हमखास निघतं. सांगतात मात्र फक्त त्याच्या छापखान्याच्या आगीची गोष्ट. त्याआधीची वीसेक वर्षं गाळली जातात, आणि मला विचाराल तर खरी कसोटी तिथेच लागली.

जोडे शिवून पोट भरणारा हा इंग्रज 1793 मध्ये बंगालात उतरला. दुसऱ्याच वर्षी त्याचा पाच वर्षांचा पीटर गेला. जात बाटेल म्हणून पोराला मूठमाती द्यायलाही माणसं मिळेनात. बायको डोरोथीचं मन त्यानंतर थाऱ्यावर आलंच नाही. 1807 मध्ये ती वारली. कृष्ण पाल नावाच्या सुताराचा बाप्तिस्मा, मिशनचा पहिला, व्हायला 1800 चा डिसेंबर उजाडला.

कंपनी सरकारला मिशनरी नकोच होते, म्हणून मुक्काम डॅनिश अंमलातल्या श्रीरामपुरात (बंगालमधलं, आपलं नगरकडचं नव्हे). 1806 मध्ये वेल्लोरला शिपायांनी उठाव केला, त्याचं खापरही मिशनऱ्यांवर फुटलं. पुढे ‘एडिंबरो रिव्ह्यू’ या नियतकालिकात सिडनी स्मिथने या ‘जोडे शिवणाऱ्यां’ची यथेच्छ टर उडवली. स्मिथ स्वतः पाद्री! म्हणजे घाव घरातलाच. इंग्लंडात बाजू लढवली ती केरीला पाठवणाऱ्या मिशनरी संस्थेचा चिटणीस अँड्र्यू फुलर आणि कवी साउदी यांनी. केरी इकडे वैजनाथ शर्मांच्या मदतीने मराठीत बुडालेला: 1805 मध्ये व्याकरण, 1810 मध्ये मोडी लिपीतला कोश.

11 मार्च 1812 च्या संध्याकाळी श्रीरामपुरातला मिशनचा छापखाना पेटला. केरी तेव्हा कलकत्त्यात होता. हस्तलिखितं जळाली, कागद गेला, छपाईचे खिळे (अक्षरांचे टाइप) वितळून गोळा झाले. खिळे घडवायचे ठसे आणि साचे तेवढे वाचले, म्हणून राखेतलं शिसं वेचून पुन्हा खिळे ओतता आले. त्याच आठवड्यात केरीने बायबलातल्या 46 व्या स्तोत्रावर उपदेश केला. मुद्दे दोनच: आपलं काय करायचं हा देवाचा हक्क, आणि तो निमूट मान्य करणं हे आपलं काम.

बातमी पोचताच इंग्लंडात काही आठवड्यांत सुमारे 10 हजार पौंड जमले. कालपर्यंत हसणारेही वाहवा करू लागले. फुलरला याचीच जास्त धास्ती वाटली. त्याने केरीला लिहून कळवलं, की स्तुतीचा हा धूप आपण हुंगत बसलो तर देव आपला आशीर्वाद आवरता घेईल.