ऊब लागली की गोळा होणारी प्रोटीनं

डिसेंबरात पहाटे फोंड्याला आमच्या घरी खोबरेल तेलाची बाटली अर्धी थिजलेली असते, आई ती चुलीजवळ नेऊन ठेवते आणि थोड्या वेळात तेल परत पातळ. साधारण २४-२५ डिग्रीच्या खाली थिजतं, वर पातळ होतं, कितीही वेळा करा. अंड्याचं तसं नाही, पांढरा भाग तव्यावर एकदा घट्ट झाला की झाला, कारण त्यातल्या प्रोटीनच्या घड्या सुटतात आणि ती एकमेकांत अशी गुंततात की थंड केल्यावरही सुटत नाहीत.

पण गरम केल्यावर अंड्यासारखं गोळा होणारं आणि थंड केल्यावर पुन्हा विरघळणारं प्रोटीन बनवता येतं. आपल्या कातडीत आणि रक्तवाहिन्यांत इलॅस्टिन असतं, ताणलं तरी परत मूळ जागी येणारं. त्यातला पाच अमिनो आम्लांचा एक तुकडा घ्यायचा, व्हॅलिन, प्रोलिन, ग्लायसिन, मग आपल्याला हवं ते एक आणि परत ग्लायसिन, आणि तोच तुकडा माळेसारखा पुन्हा पुन्हा ओवत जायचा. याला इलॅस्टिनसारखं पॉलिपेप्टाइड, थोडक्यात इएलपी म्हणतात. थंड असताना या माळेच्या तेलकट भागांभोवती पाण्याचे रेणू शिस्तीत रचलेले असतात, ऊब वाढली की ते मोकळे होतात आणि मग तेलकट भाग एकमेकांना जाऊन चिकटतात. चौथ्या जागी काय घालायचं आणि माळ किती लांब ठेवायची यावर हे किती डिग्रीला होणार ते ठरतं, म्हणजे व्हॅलिन घातलं तर कमी तापमानाला, सेरीन घातलं तर जास्त. (चौथ्या जागी फक्त प्रोलिन चालत नाही.)

हे पेशीच्या आत कशाला हवं? १९८६ साली पणजीला मांडवीवरचा पूल कोसळला आणि लोक फेरीबोटीने जायला लागले. आता महिन्याभराने कोणी नवखा माणूस तिथे आला आणि नुसत्या फेरीबोटी बघितल्या तर पुलावरून नेमकं काय काय जात होतं हे त्याला कसं कळणार? एखादं जीन काढून टाकलं की पेशीचंही असंच होतं, प्रोटीन संपायला काही दिवस जातात आणि तेवढ्यात पेशी दुसरी सोय शोधते. म्हणून मला वाटतं की मिनिटांत बंद आणि मिनिटांत चालू करता येणं हीच या सगळ्यातली मोठी गोष्ट आहे.

क्लॅथ्रिनचं उदाहरण बघा. तीन पायांचं प्रोटीन, असे बरेच तुकडे जोडून पिंजरा होतो आणि पेशी बाहेरचं लोह, कोलेस्टेरॉल वगैरे त्या पिंजऱ्याने स्वतःचं आवरण आत खेचून पोटलीत भरून आत घेते. अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लोकांनी क्लॅथ्रिनच्या छोट्या साखळीला इएलपीची शेपटी जोडली. पेशी उबदार केल्या की शेपट्या एकत्र येऊन थेंब होतात, क्लॅथ्रिन त्यांच्याबरोबर ओढलं जातं आणि आत घेण्याचं काम अडतं, थंड केलं की थेंब विरघळतात आणि काम परत सुरू.

तापमानाने पेशीचं काम थांबवायची कल्पना तशी जुनी आहे. आपला पोदेर पावात घालतो तेच यीस्ट घेऊन लेलँड हार्टवेल या शास्त्रज्ञाने २३ डिग्रीला वाढणारे आणि ३६ ला विभाजन अडकणारे म्युटंट, म्हणजे जीनमध्ये बदल झालेले यीस्ट, शोधले, त्या कामाला २००१ चं नोबेल मिळालं. पण तिथे नशिबाने बिघडलेलं प्रोटीन शोधावं लागायचं, इथे शेपटी आपण ठरवून लावतो.

मात्र ऊब दिली की पेशीतलं बाकी सगळंही हलतं, एन्झाइमं वेगाने चालतात, पडदा सैल होतो, जास्त झालं तर पेशी घाबरून हीट शॉक प्रोटीनं, म्हणजे उष्णतेपासून सांभाळणारी प्रोटीनं, बनवायला लागते. म्हणून शेजारी दुसरी डिश ठेवावीच लागते, तिच्यात शेपटी तशीच पण त्या तापमानाला गोळा न होणारी, आणि दोन्ही डिशना अगदी सारखी ऊब द्यायची. फरक फक्त पहिलीत दिसला तरच तो थेंबांमुळे. आणि तीस डिग्रीला गोळा होणारी शेपटी घेऊन आपल्याकडे मे महिन्यात काम करायचं तर एसी बंद पडून चालणार नाही, नाहीतर मायक्रोस्कोपखाली ठेवायच्या आधीच सगळे थेंब झालेले असतील.