राउटर बदललात आणि नेट गेलं? मॅक बदलण्याचा अर्ज नेमका कुठे अडतो

गिरगावात एका केबल ऑपरेटरच्या काउंटरवर मी बसतो. "नवा राउटर आणला, दिवे सगळे हिरवे, पण नेट नाही," हे दिवसातून दोन-तीनदा तरी ऐकतो. बहुतेक वेळा राउटर ठणठणीत असतो. ग्राहकाच्या खात्याला जुन्या राउटरचा मॅक पत्ता, म्हणजे त्या यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक, बांधलेला असतो. युजरनेम-पासवर्ड बरोबर असले तरी अनोळखी मॅक दिसला की कंपनीचा सर्व्हर आत घेत नाही. याला मॅक बाइंडिंग म्हणतात. जुना मॅक सोडवून नवा चढवला की काम होतं.

अर्ज ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्याने करायचा. प्लॅन चालू हवा, थकबाकी नको. ॲपवर, कस्टमर केअरला किंवा आमच्यासारख्यांकडे ग्राहक क्रमांक आणि नवा मॅक द्यायचा, ओटीपी सांगायचा, तक्रार क्रमांक घ्यायचा. एवढंच.

पण ओटीपी येतो कुठे? रजिस्टर्ड नंबरवर. आणि तो नंबर असतो दुबईला गेलेल्या भावाचा, नाहीतर कधीच बंद झालेल्या सिमचा. माझ्याकडचे सर्वात जास्त अर्ज इथेच मान टाकतात. त्यामुळे राउटर घेण्याच्या आधी नंबर बदलून घ्या. त्यासाठी मूळ ग्राहकाचं ओळखपत्र लागतं आणि बऱ्याचदा पुन्हा केवायसी होते.

मूळ ग्राहक हयात नसेल तर मॅकचा अर्ज भरूच नका, तो परत येणार. आधी नाव बदलाचा अर्ज, सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती. मग पत्त्याचा पुरावा. चाळीतल्या लाइट बिलावर अजून आजोबांचं नाव असतं, पागडीची भाडेपावती तिसऱ्याच्याच नावाने फाटते. मागच्या महिन्यात एक काकू प्लास्टिकच्या पिशवीतून बेस्टची वर्षभराची बिलं घेऊन आल्या. एकावर 'दत्ताराम', आधारवर 'दत्तात्रय'. कंपनीच्या पडताळणीवाल्याने दोन वेळा अर्ज परत पाठवला, कारण म्हणून एकच शब्द: 'मिसमॅच'. कुठला, ते लिहायचे कष्ट कोणी घेत नाही. शेवटी दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडलं, तेव्हा सुटलं.

भाडेकरूंनो, नोटरी केलेला करार चालेल असं एजंट सांगतो. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, त्यामुळे पडताळणीत नोटरीचा कागद बाजूला पडतो. अकरा महिने उलटून गेलेला करारही तसाच. नवा करार हातात आल्यावरच या. आणि आधारची झेरॉक्स देताना मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. वर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहा. आमच्या काउंटरवर देत असलात तरी.

आता मॅक. तो बारा अक्षरी असतो, ० ते ९ आणि इंग्रजी ए ते एफ एवढ्यातूनच बनतो. म्हणजे त्यात 'ओ' येऊच शकत नाही, दिसेल ते शून्य. बी आणि ८ मात्र दोन्ही येतात, म्हणून स्टिकरचा फोटो काढून मोठा करून वाचा. दुसरी मेख अशी की स्टिकरवर बऱ्याचदा लॅनचा, म्हणजे घरातल्या बाजूचा मॅक छापलेला असतो आणि आम्हाला हवा असतो वॅनचा, म्हणजे कंपनीच्या तारेच्या बाजूचा. दोघांत अनेकदा शेवटच्या एखाद्या आकड्याचाच फरक, त्यामुळे चूक डोळ्यांना दिसत नाही. राउटरच्या पानावर, म्हणजे ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ वर, 'स्टेटस'मध्ये वॅनखाली जो दिसतो तोच लिहा.

फायबर असेल तर आणखी एक गोंधळ. फायबरची तार जिला जोडतात त्या भिंतीवरच्या डबीला, म्हणजे ओएनयूला, स्वतःचा पॉन सीरियल, म्हणजे फायबरच्या जाळ्यातला ओळख क्रमांक, असतो. तोही बाराच अक्षरांचा! लोक तोच मॅकच्या रकान्यात लिहितात. ओळखायचा कसा? सीरियलची पहिली चार अक्षरं डबी बनवणाऱ्या कंपनीची असतात आणि त्यांत सहसा एफच्या पुढचं अक्षर सापडतं. मॅकमध्ये ते कधीच नसतं. लॅमिंग्टन रोडवर स्वस्तात मिळालेला जुना ओएनयू आणू नका. त्याचा सीरियल कंपनीच्या यंत्रणेत चढवल्याशिवाय तो चालत नाही, आणि दुसऱ्या कंपनीसाठी लॉक असेल तर चढवूनही उपयोग नाही.

राउटरमध्ये 'मॅक क्लोन' हा पर्याय असतो. जुना मॅक नव्यात टाकला की अर्जाशिवायही नेट सुरू होतं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खात्यावर ठीक आहे. पण शेजाऱ्याला त्याच खात्यावर चढवू नका. कोणत्या वेळी कोणता आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, कोणत्या ग्राहकाकडे होता याची नोंद कंपनीला ठेवावी लागते, आणि शेजारच्या पोराने काही उद्योग केला तर पोलिसांचा फोन तुम्हाला येईल.

मंजुरीचा मेसेज आला, तरी नेट नाही? जुना राउटर खटकन उपटला असेल तर सर्व्हरच्या लेखी जुनं सेशन, म्हणजे जुनी जोडणी, अजून चालूच असतं. नवा राउटर पंधरा मिनिटं बंद ठेवा. तरीही नाही झालं तर मला सेशन तोडायला सांगा, दहाव्यांदा रीस्टार्ट करू नका.

मुदतीचंही नीट समजून घ्या. तक्रार ठरलेल्या वेळेत सुटली नाही, तर ती वेळ संपल्यापासून ३० दिवसांत कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे अपील करता येतं. ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, २०१२ चे नियम तसं सांगतात, आणि अपिलाला फी नाही. लोक हे ३० दिवस कंपनीला दिलेले समजून गप्प बसतात. ते तुमचे आहेत. प्राधिकरणाला निकालासाठी ३९ दिवस असतात. तक्रार क्रमांक नसेल तर अपील उभंच राहत नाही, म्हणून केबलवाला "उद्या करतो, शेठ" म्हणाला तरी क्रमांक मागा. माझ्याकडूनसुद्धा.

जुना राउटर भंगारवाल्याला देण्याआधी मागचं बारीक बटण पिनेने दहा सेकंद दाबून रीसेट करा. त्यात तुमच्या खात्याचा पासवर्ड तसाच असतो.