तीन एस आणि एक व्ही

बाळंतपणानंतर बाईच्या अंगावरून किती रक्त गेलं, हे पिढ्यान्‌पिढ्या नजरेनंच ठरत आलं. चादर किती भिजली, बोळे किती लागले, फरशीवर किती सांडलं, एवढंच बघायचं. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात १२३ बाळंतिणींवर झालेल्या एका अभ्यासात ही नजर तपासली गेली. काही जणींचं रक्त नेहमीसारखं डोळ्यांनी जोखलं, बाकीच्यांचं मोजून घेतलं. डोळ्यांचा अंदाज मापापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी निघाला. २००६ साली हा निबंध छापून आला. ५०० मिलीलिटरच्या पुढं धोका मानतात, तिथं एवढी चूक म्हणजे जीवन-मरणाचा फरक.

मोजायला वापरलेली वस्तू साधीच आहे. प्लास्टिकचं पातळ कापड, ते कमरेला बांधायला पट्टे, आणि खाली नरसाळ्यासारखी निमुळती होत गेलेली पारदर्शक पिशवी. पिशवीवर मिलीलिटरच्या रेघा. बाळ बाहेर आलं की ती आईखाली सरकवायची आणि रेघ वाचायची. आपल्या बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या आणि अमेरिकेतल्या मिसूरी व इलिनॉय विद्यापीठांतल्या डॉक्टरांनी मिळून ती घडवली. तिचं नाव ‘ब्रास-व्ही ड्रेप’. पितळेशी त्याचा काही संबंध नाही. बी, आर, ए, एस, एस, एस, व्ही ही ती घडवणाऱ्या सात जणांच्या नावांची पहिली अक्षरं.

संशोधनातलं श्रेय वाटून घ्यायची इतकी साधी पद्धत मी दुसरीकडं कुठं पाहिलेली नाही. पुढं कोण, मागं कोण, हा वाद नाही. उच्चार जुळला की झालं. आता त्या तीन एसपैकी पहिला कुणाचा, हे नुसत्या नावावरून कुणाला सांगता यायचं नाही, ही गोष्ट वेगळी.

ही पिशवी ज्या मोठ्या अभ्यासात कामाला लागली तो बेळगाव जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत, २००२ ते २००५ या काळात झाला. प्रश्न असा होता: रक्तस्राव थांबवणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन थंड ठेवावं लागतं, टोचणारा माणूस लागतो, त्याऐवजी मिसोप्रोस्टॉलच्या साध्या गोळ्या दिल्या तर चालेल का? १,६२० बायका. ८१२ जणींना गोळी, ८०८ जणींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. गोळी घेतलेल्यांत रक्तस्रावाचं प्रमाण ६.४ टक्के, न घेतलेल्यांत १२ टक्के. २००६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं आणि २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेनं याच कामासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

‘लॅन्सेट’च्या त्या निबंधावर १२ लेखकांची नावं आहेत. पहिलं अमेरिकेतल्या रिचर्ड डर्मन यांचं, त्याला लागूनच बेळगावच्या डॉक्टरांची. बाळंतपणं मात्र केली २५ एएनएम, म्हणजे गावोगावी बाळंतपणं करणाऱ्या सहायक नर्सबाईंनी. गोळी त्यांनी दिली, पिशवी त्यांनी बांधली, रात्री-अपरात्री रेघ वाचून कागदावर आकडा त्यांनी चढवला. निबंधात त्यांचा उल्लेख आहे, संख्येनं. नावांच्या ओळीत त्या नाहीत.

यात कुणी नियम मोडला असं मुळीच नाही, हे आधीच सांगतो. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची एक आंतरराष्ट्रीय समिती आहे. १९७८ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरला जमलेल्या संपादकांपासून ती सुरू झाली. लेखक कुणाला म्हणायचं, हे ती ठरवते. कल्पना, आखणी, माहिती मिळवणं किंवा तिचा अर्थ लावणं यांत भरीव वाटा हवा. शिवाय मसुदा लिहिण्यात किंवा कसून सुधारण्यात हात हवा. शिवाय छापायच्या आधी शेवटचा मसुदा मंजूर केलेला हवा. २०१३ साली चौथी अट आली, की उद्या कुणी शंका काढली तर उत्तर द्यायची जबाबदारीही पत्करायची. यातलं एखादं करून भागत नाही, सगळं हवं. नुसती माहिती गोळा केली म्हणून लेखक होता येत नाही, असं जुन्या नियमांत चक्क लिहिलेलं होतं.

आताच्या नियमांत पुढं एक वाक्य आहे, ते फारसं कुणी वाचत नाही. पहिली अट जो पुरी करतो, त्याला मसुद्यात भाग घ्यायची संधी मिळायला हवी, असं ते म्हणतं. मसुदा इंग्रजीत. बाळंतिणीशी मराठीत, तिच्या सासूशी कन्नडमध्ये आणि रजिस्टरशी मोडक्या इंग्रजीत बोलणाऱ्या नर्सबाईंना ही संधी जगात कुठं मिळत असेल? माझ्या मते गोची इथं आहे. लेखक या शब्दानं आपण लिहिणारा मोजतो आणि समजतो की करणारा मोजला.

नावांच्या क्रमाचं म्हणाल तर आपली लग्नपत्रिका डोळ्यांसमोर आणा. आजोबांचं नाव वर का खाली, थोरल्या काकांच्या आधी मामा का आला, यावरून भावकीत वर्ष-वर्ष अबोला चालतो. प्रयोगशाळेतल्या विज्ञानात पहिलं नाव ज्यानं हाडं झिजवली त्याचं, शेवटचं ज्याच्या हाताखाली काम झालं त्या साहेबांचं, आणि मधली मंडळी म्हणजे ‘समस्त परिवार’. गणितात मात्र आडनावाच्या आद्याक्षरानं जातात. तिथं अभ्यंकर कायम पहिले आणि येळ्ळूरकर कायम शेवटी. हे ठाऊक नसलेला निवड समितीवर बसला की येळ्ळूरकरांचं काही खरं नाही. कणभौतिकीत तर वऱ्हाडच उतरतं. हिग्ज कणाचं वस्तुमान सांगणारा २०१५ चा निबंध ३३ पानांचा आहे. त्यातली ९ पानं विज्ञानाची, उरलेली २४ लेखकांची आणि त्यांच्या संस्थांची. लेखक ५,१५४.

पत्रिकेत ‘प्रमुख उपस्थिती’ म्हणून गल्लीतल्या नगरसेवकाचं नाव टाकतात, तसे मानाचे लेखकही असतात. विभागप्रमुखांनी निबंध वाचलेला नसतो, नाव असतं. पण मानाच्या लेखकांत माझा सगळ्यात आवडता एक बोका आहे. १९७५ साली अमेरिकेतल्या जॅक हेदरिंग्टन या भौतिकशास्त्रज्ञानं एकट्यानं निबंध लिहिला, पण सगळीकडं ‘आम्ही’ असं लिहून बसला. एकट्या लेखकानं ‘आम्ही’ म्हणायचं नाही, अशी त्या नियतकालिकाची शिस्त. टाइपरायटरचे दिवस, सगळं पुन्हा टंकायचं कोण? त्यानं घरच्या बोक्याला सहलेखक करून टाकलं: एफ. डी. सी. विलार्ड. एफ आणि डी म्हणजे मांजराचं लॅटिन नाव, सी म्हणजे चेस्टर हे बोक्याचं, आणि विलार्ड हे त्याच्या बापाचं. मराठीत लिहिता तर हेदरिंग्टनला बोक्याची गरजच पडली नसती. आपल्याकडं एकटा माणूसही खुशाल ‘आम्ही सांगून ठेवतो’ म्हणतो.

एवढ्या नावांतून मग माणूस मोजायचा. सगळ्यात चलनी नाणं म्हणजे एच-निर्देशांक. कॅलिफोर्नियातल्या होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञानं तो २००५ साली मांडला. समजा तुमचे सहा निबंध आहेत आणि इतरांनी त्यांचा हवाला ४०, १२, ९, ५, ३ आणि १ वेळा दिलाय. चार निबंध असे आहेत की प्रत्येकाचा हवाला निदान चारदा आला. पाच निबंध निदान पाचदा, असं जमत नाही. तुमचा निर्देशांक ४. आता त्या ४० च्या जागी ४,००० लिहा. तरी ४. आणि तो निबंध तुम्ही एकट्यानं लिहिला की ५,१५४ जणांनी, हे त्या आकड्याच्या गावीही नाही.

आपल्या यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०१८ च्या नियमावलीत वाटणी करून पाहिली. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के गुण. दोनांपेक्षा जास्त असतील तर पहिल्या वा मुख्य लेखकाला ७० आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३०. बारा लेखकांचा निबंध घेऊन बेरीज करा: ७० अधिक अकरा गुणिले ३०, म्हणजे ४००. एका निबंधाची वाटणी केली आणि चार निबंध झाले. शेताची वाटणी अशी झाली असती तर आमच्या तालुक्यातल्या निम्म्या केसेस कोर्टात गेल्याच नसत्या.

पण आकड्याच्याही आधी नाव जुळावं लागतं, आणि ते आमच्या भागात जुळत नाही. मी इथल्याच एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. मागच्या वर्षी वनस्पतिशास्त्राच्या एक मॅडम बढतीच्या अर्जासाठी निबंधांची यादी काढायला आल्या. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मार्क्स कार्डावर त्यांचं नाव कन्नड पद्धतीचं, म्हणजे वडिलांचं अक्षर आधी. पीएचडीवर माहेरचं आडनाव. लग्नानंतर पाटील, आणि पाटलाचं स्पेलिंग एका निबंधात ‘आय’नं, दुसऱ्यात ‘डबल ई’नं. एका डेटाबेसात त्या चार निरनिराळ्या व्यक्ती होऊन बसल्या होत्या. वर त्यांच्या खात्यावर गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा एक निबंध जमा. मॅडम म्हणाल्या, “सर, माझे गुडघे दुखतात हे खरं, पण त्यावर मी लिहिलेलं नाही.”

भरीला गावाचं नाव. १ नोव्हेंबर २०१४ पासून इंग्रजीत बेळगावचं बेळगावी झालं. आपण आपलं बेळगाव म्हणतो ते म्हणतोच, पण पत्ता बघून निबंध शोधणाऱ्याला ही दोन गावं वाटतात. दोन्ही शब्द टाकून शोधावं लागतं. अक्षरांच्या या घोळातून मोठेही सुटलेले नाहीत. नोबेल मिळवणारे एस. चंद्रशेखर घ्या. एस म्हणजे सुब्रह्मण्यन, ते वडिलांचं नाव; चंद्रशेखर त्यांचं स्वतःचं. जगानं ते आडनाव म्हणून लावलं.

यावर उपाय म्हणून २०१२ साली ‘ऑर्किड’ क्रमांक आला. फुलाशी संबंध नाही. सोळा अंकी, फुकट, जन्मभर एकच. पाटील व्हा, स्पेलिंग बदला, गावाचं नाव बदलू द्या, क्रमांक तोच. शेवटचा अंक आधीच्या पंधरा अंकांवरून गणितानं निघतो, म्हणजे टंकताना एखादा अंक चुकला तर लगेच कळतं. मॅडमचा क्रमांक दहा मिनिटांत काढून दिला. चार पाटलिणींना एकत्र आणायला मात्र तीन महिने पत्रव्यवहार चालला. गुडघा अजून तिथंच आहे.

कोण, हे क्रमांकानं सुटलं. कोणी काय केलं, हे उरतं. त्यासाठी १४ कामांची एक ठरलेली यादी आता बरीच नियतकालिकं वापरतात: कल्पना कुणाची, पैसा कुणी आणला, आज्ञावली कुणी लिहिली, प्रत्यक्ष प्रयोग वा माहिती गोळा करणं कुणाचं, पहिला मसुदा कुणाचा. सिनेमाच्या शेवटी नावं सरकतात तसं. मला ही पद्धत पटते. पण बहुतेक ठिकाणी ती लेखकांच्या ओळीत बसलेल्यांनाच लागू होते, आणि तिथं पुन्हा तेच दार.

माझी आत्ती एएनएम म्हणून निवृत्त झाली, खानापूरच्या जंगलपट्ट्यात. त्या अभ्यासाशी तिचा संबंध नव्हता. परवा तिला मोबाइलवर पिशवीचं चित्र दाखवलं. चष्मा वर करून तिनं रेघा निरखून बघितल्या.

“हे असलं आमच्या वेळेला कुठलं रे. आम्ही बोळे मोजायचो. लुगड्याचे.”

नावाची गोष्ट सांगितली. बी, आर, ए, तीन एस, व्ही.

“तीन एस?” ती म्हणाली. “आमच्या सेंटरला पण तिघी सुमन होत्या की. साहेबांनी सिस्टर सुमन म्हणून हाक मारली की तिघी पण उठून यायच्या.”