किलिमांजारोचा तंबू आणि सेरेंगेटीचा तंबू: एका बॅगेत दोन्ही का मावत नाहीत

टांझानियाच्या सहलीचं पत्रक उघडलं की 'कॅम्पिंग' दोनदा दिसतं. आधी किलिमांजारोवर सहा-सात रात्री, मग सफारीला, म्हणजे सेरेंगेटी आणि गोरोंगोरोला दोन-तीन. तंबू दोन्हीकडे, मॅट दोन्हीकडे, सोबत स्वयंपाकीही दोन्हीकडे. साहजिकच घरी यादी एकच बनते, बॅगही एकच भरली जाते, आणि निम्मं सामान चुकीच्या जागी पोचतं.

डोंगरावर तुमची बॅग एक माणूस उचलून चढतो, आणि तिथली लढाई थंडीशी. सफारीत बॅग गाडीत असते, आणि तिथे निस्तरायचं असतं ते धुळीचं, माश्यांचं आणि वासावर येणाऱ्या जनावरांचं. म्हणून माझा आग्रह आहे की बॅगा दोन कराव्यात. डोंगर चढताना सफारीची बॅग मोशी किंवा अरुशाच्या हॉटेलात ठेवता येते, बहुतेक हॉटेलं ती सांभाळतात. (मोशी म्हणजे किलिमांजारोच्या पायथ्याचं गाव. पिंपरी-चिंचवडची मोशी नव्हे!)

त्याआधी तारखांचं बघा, कारण आपल्या सुट्ट्या आणि तिथला पाऊस यांचं वाकडं आहे. मार्चअखेर ते मे तिथे मोठा पाऊस, नोव्हेंबरच्या आसपास छोटा. म्हणजे मे महिन्याची सुट्टी भर पावसात जाते आणि दिवाळीची सुट्टी उशिरा आली तर छोट्या पावसात सापडते. जून ते ऑक्टोबर आणि जानेवारी ते मार्चची सुरुवात हे कोरडे महिने. मुलांच्या शाळेमुळे मे महिनाच धरावा लागत असेल तर सफारी करा, डोंगर पुढच्या खेपेला ठेवा.

वजनकाटा

किलिमांजारोच्या मचामे मार्गाची सुरुवात होते ते मचामे गेट साधारण १८०० मीटरवर आहे. चढाई सुरू होण्याआधी तिथे काट्यावर पोर्टरचं ओझं तोललं जातं, आणि मर्यादा २० किलो. त्यात तुमची बॅग आली आणि कंपनीचं थोडं सामानही आलं. म्हणून बहुतेक कंपन्या प्रवाशाला १५ किलोच सांगतात. मागे एकदा गेटवर ठाण्याचं एक जोडपं डफल उघडून बसलं होतं. आतून निघाला जीन्सचा जोड, मोठी शाम्पूची बाटली, दोन टॉवेल आणि एक जाडजूड ब्लँकेट. बाजूला उभा असलेला पोर्टर शांतपणे बघत होता, ओझं त्याच्याच मानेवर यायचं होतं. ब्लँकेट शेवटी खाली परत गेलं.

पोर्टर तुमची बॅग आणखी एका मोठ्या पोत्यात घालून डोक्यावर किंवा खांद्यावर घेतो. त्यामुळे चाकांची सुटकेस, कडक तळाची ट्रॉली हे प्रकार डोंगरावर बाद. मऊ डफलच हवी. दुसरं म्हणजे, सकाळी निघालं की पोर्टर भराभर पुढे जातो आणि बॅग थेट संध्याकाळच्या कॅम्पवर भेटते. दिवसभरात लागणारं सगळं पाठीवरच्या छोट्या सॅकमध्ये असलं पाहिजे: पावसाचं जॅकेट, एक ऊबदार थर, पाणी, खाऊ, औषधं, कानटोपी. मचामे मार्गाचा पहिला दिवस घनदाट जंगलातून जातो, आणि कोरड्या महिन्यातही तिथे पाऊस गाठतो. रेनकोट पोर्टरकडच्या बॅगेत राहिला की कॅम्पवर पोचेपर्यंत भिजत राहायचं.

सफारीत वजनाची एवढी कटकट नाही, जागेची आहे. लँड क्रूझरच्या मागच्या भागात तंबू, गॅस, पेटारे आणि भांडी कोंबलेली असतात. मऊ बॅग कुठेही दाबून बसते, सुटकेस बसत नाही. एका पार्कातून दुसऱ्या पार्कात छोट्या विमानाने जाणार असाल तर तिथेही मऊ बॅग आणि १५ किलो हीच अट सहसा असते.

स्लीपिंग बॅग: खरा फरक इथे

मचामे मार्गावरचा शेवटचा कॅम्प बराफू, उंची ४६७३ मीटर. रात्री अकराच्या सुमाराला उठवतात आणि बाराच्या आसपास शिखराकडे निघतात. उहुरू शिखर ५८९५ मीटर. वाऱ्यासकट पारा उणे १० ते उणे २० पर्यंत जाऊ शकतो. तुम्ही बराफूत झोपता ते जेमतेम चार-पाच तास, पण त्या झोपेवर पुढची रात्र काढायची असते.

स्लीपिंग बॅगच्या लेबलवर तीन आकडे असतात: कम्फर्ट, लिमिट, एक्स्ट्रीम. दुकानात मोठ्या अक्षरात छापलेला असतो तो बहुतेक वेळा शेवटचा किंवा मधला. एक्स्ट्रीम म्हणजे त्या तापमानात माणूस जेमतेम तग धरेल, झोपेल असं नाही. लिमिट म्हणजे सरासरी पुरुष अंगाची जुडी करून कशीबशी रात्र काढेल. झोप हवी असेल तर कम्फर्टचाच आकडा वाचा, आणि किलिमांजारोसाठी तो उणे १० च्या आसपास हवा. बाहेर 'उणे १५' छापलेल्या बॅगेचा कम्फर्ट कधी कधी जेमतेम शून्याखाली असतो. एवढ्या ऊबदार बॅगा महाग येतात, पण मोशीत भाड्याने मिळतात. भाड्याची घेतलीत तर निघण्याच्या आदल्या दिवशी उघडून चेन दोन्ही बाजूंनी ओढून बघा आणि आत आपलं रेशमी किंवा सुती लायनर (पातळ कापडी अस्तर) घाला. स्वच्छता राहते आणि दोन-तीन अंशांची ऊबही वाढते.

सेरेंगेटीत सेरोनेराचे कॅम्प साधारण १५०० मीटरवर आहेत. तिथे उणे १० ची बॅग पांघरलीत तर मध्यरात्री घामाने जाग येईल. साधी पातळ बॅग आणि लायनर पुरे. पण यालाही एक अपवाद आहे आणि तोच बऱ्याच जणांना नडतो. गोरोंगोरोचा सिंबा कॅम्प ज्वालामुखीच्या विवराच्या काठावर, साधारण २३०० मीटरवर आहे. जून ते ऑगस्टमध्ये तिथे रात्री पारा एक आकडी होतो, वारा असतो आणि पहाटे धुकं. आफ्रिका म्हणजे ऊन असं धरून हाफ पँट आणि टी-शर्टवर आलेली मंडळी इथे गाडीत बसून रात्र काढायची भाषा करू लागतात. डोंगरावरचं डाउन जॅकेट आणि कानटोपी या एका रात्रीसाठी सफारीच्या बॅगेत सरकवा. बाकीचं गरम सामान मोशीतच राहू द्या.

काळे आणि निळे कपडे

ट्रेकिंगच्या दुकानातले आपले कपडे कुठल्या रंगाचे असतात? काळी टाइट्स, गडद निळं फ्लीस, काळी कार्गो. डोंगरावर ते उत्तम. तारांगिरे पार्क आणि सेरेंगेटीच्या झाडीच्या पट्ट्यात मात्र त्सेत्से माश्या असतात, आणि त्यांना गडद निळा आणि काळा रंग ओढून घेतो. रस्त्याकडेच्या झाडांवर निळ्या-काळ्या कापडाचे तुकडे टांगलेले दिसतात, ते याच माश्यांसाठी लावलेले सापळे. ही माशी कपड्यावरून चावते, चांगली सणसणीत चावते, आणि डासांचं मलम तिच्यावर फारसं चालत नाही. म्हणून सफारीला खाकी, मातकट, फिकट हिरवे, सैलसर, पूर्ण बाह्यांचे कपडे. पांढरा रंग घ्यायचा तर धुळीची तयारी ठेवून घ्या.

सह्याद्रीच्या पावसाळी ट्रेकला चालणारा पोंचो डोंगरावर कुचकामी. मचामे मार्गावरच्या बरांकोच्या कड्यावर दोन्ही हातांनी धरत चढताना तो पायात येतो आणि वाऱ्यात छत्रीसारखा उलटतो. जॅकेट आणि पावसाची पँट असा वेगळा जोडच हवा. सफारीत पाऊस आलाच तर चालक गाडीचं छप्पर खाली घेतो. तिथे खरी गरज आहे ती पहाटेच्या फेरीला, उघड्या छपरातून लागणाऱ्या वाऱ्यासाठी एका विंडचीटरची, आणि नाकातोंडावर ओढायला बफची. तिथली धूळ पिठासारखी बारीक असते. कॅमेऱ्याची लेन्स गाडीत बदलू नका. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी चष्मा जवळ ठेवावाच. दुर्बीण घ्या ८ बाय ४२ ची, शक्यतो प्रत्येकाला वेगळी, नाहीतर बिबट्या दिसला की नवरा-बायकोत भांडण ठरलेलं. डोंगरावर हीच दुर्बीण म्हणजे नुसतं ओझं.

पाणी आणि प्लास्टिक

बॅगेच्या आत कचऱ्याची मोठी काळी पिशवी घालून सामान कोरडं ठेवायची आपली जुनी सवय. टांझानियात १ जून २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, परदेशी प्रवाशांवरही. साबण-पेस्टच्या झिपलॉक पिशव्या चालतात, पण त्या परत घेऊन जायच्या. काळ्या पिशवीऐवजी कापडी ड्राय बॅगा घ्या, रंग वेगवेगळे घेतलेत तर अंधारात शोधाशोध वाचते. डोंगरावर बिसलेरीछाप एकदा वापरून टाकायच्या बाटल्याही चालत नाहीत. तीन लिटर पाणी मावेल अशी सोय स्वतःची हवी.

नळीची पाण्याची पिशवी दिवसा सोयीची, पण शिखराच्या रात्री नळीतलं पाणी गोठतं. त्या रात्री रुंद तोंडाच्या बाटल्या वापरा आणि सॅकमध्ये उलट्या ठेवा. बर्फ वरून धरायला लागतो, त्यामुळे बाटली सरळ केली की तोंडाशी पाणी मोकळं मिळतं. झोपताना एक बाटली गरम पाण्याने भरून मोज्यात घालून पायाशी घेतली की स्लीपिंग बॅग ऊबदार होते आणि सकाळी पाणीही पिण्याजोगं राहतं. सफारीत पाण्याचे मोठे कॅन गाडीत असतात, तिथे एक साधी बाटली पुरते.

खाऊचा डबा कुठे ठेवायचा

डोंगरावर उंची वाढली की भूक मरते. ताटात चांगलं सूप-पास्ता असतो आणि घास उतरत नाही. अशा वेळी ओळखीची चव कामाला येते. मेतकूट, लिंबाचं लोणचं, शेंगदाण्याची चटणी, आलेपाक अवश्य न्या. चिक्की आणि चॉकलेट शिखराच्या रात्री दगड होतात, राजगिऱ्याचा लाडू मात्र तोंडात विरघळतो. हा डबा तंबूत उशाशी ठेवला तर फार तर उंदीर येईल. दिवसा मोठे डोमकावळे उघड्या सॅकवर डोळा ठेवून असतात, एवढंच.

सफारीत हाच डबा तंबूत न्यायचा नाही, एक लाडूसुद्धा नाही. सेरोनेराच्या सार्वजनिक कॅम्पांना कुंपण नसतं. स्वयंपाक आणि जेवण जाळी मारलेल्या खोल्यांत चालतं ते उगीच नव्हे. रात्री तरस येतात, सिंबा कॅम्पवर हत्ती पाण्याच्या टाकीवर येतो, दिवसा बबून टपलेले असतात. खाण्याचं सगळं गाडीत किंवा स्वयंपाकघरात. बूट आणि चामड्याच्या चपलाही आत घ्या, तरसाला चामडं आवडतं.

हेडलॅम्प दोन्हीकडे लागतो, पण काम वेगळं. शिखरावर तो सहा-सात तास सलग जळायला हवा, आणि थंडीत बॅटरी भराभर उतरते. म्हणून नवे सेल, शिवाय एक जोड अंगाजवळच्या खिशात. सफारीत रात्री शौचाला उठलात तर आधी तंबूची चेन अर्धी उघडून उजेड सगळीकडे फिरवा. अंधारात डोळे चमकले तर परत आत, आणि मार्गदर्शकाला हाक मारा. एकट्याने निघायचं नाही.

औषधं

"डोंगरावर डास नाहीत, मलेरियाच्या गोळ्या सफारीपासून सुरू करीन," असं म्हणणारे हमखास भेटतात. साधारण १८०० मीटरच्या वर मलेरियाचा धोका नसतो हे खरं, पण तुम्ही उतरता ते मोशी किंवा अरुशाला, आणि दोन्ही त्या उंचीच्या खाली. गोळ्या पोचण्याआधीच सुरू व्हायला हव्यात. कुठल्या, हे डॉक्टर ठरवतील, फक्त त्यांना दोन्ही बेत सांगा. डॉक्सीसायक्लिनने कातडी उन्हाला हळवी होते, आणि डोंगरावरचं ऊन आधीच भाजून काढतं. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून डायमॉक्स घेणार असाल तर सल्फाची अॅलर्जी आहे का हे आधी सांगा. त्याने लघवीला वारंवार जावं लागतं, हे लक्षात घेऊन तंबूत वेगळी बाटली ठेवणारे शहाणे.

नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जाणार असाल तर पिवळ्या तापाच्या लशीची चौकशी तिकीट काढतानाच करा. केनिया आणि इथिओपिया हे दोन्ही त्या तापाचे देश मानले जातात. तिथे मुक्काम झाला असेल तर परतताना भारतातच लशीचं कार्ड मागतात, नसेल तर विलगीकरणात बसवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही.

विमा काढताना पॉलिसीत उंचीची मर्यादा वाचा. साध्या प्रवास विम्यात सफारी सहसा बसते, पण ६००० मीटरपर्यंतचा ट्रेक लेखी असला पाहिजे. 'साहसी खेळ वगळून' अशी ओळ दिसली तर डोंगरावरून हेलिकॉप्टरने उतरण्याचा खर्च तुमच्या खिशातून.

राहिलं चार्जिंग. तिथे तीन चौकोनी पिनांचे, ब्रिटिश पद्धतीचे सॉकेट असतात, अॅडॉप्टर लागेल. सफारीत गाडीत चार्ज करता येतं. डोंगरावर काहीच नाही, २०,००० एमएएचची पॉवर बँक न्या आणि रात्री फोनसकट स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. विमानात ती हातातल्या सामानातच चालते. बूटही हातातल्या सामानात ठेवा, किंवा सरळ पायात घालून निघा. डफल एक दिवस उशिरा पोचली तर जॅकेट भाड्याने मिळेल, स्लीपिंग बॅग मिळेल, पण पायाला सरावलेले बूट मोशीत कुणी भाड्याने देत नाही.